आठ आणे, सोळा आणे

'मध्यम' हा मराठीतला मोठा सोशीक शब्द आहे. मध्यम बांधा, मध्यम स्थिती, मध्यम वर्ग, लग्नाच्या जाहिरातीतला 'वर्ण मध्यम'. जे धड वरचे नाही आणि धड खालचे नाही, अशा सगळ्या गोष्टींना या शब्दाने आजवर निमूटपणे आसरा दिला आहे. अलीकडे त्याच्या दारात आणखी एक पाहुणा येऊन उभा राहिला आहे. संगणकावर खेळ खेळणारी तरुण मंडळी ज्याला 'मिड-रेंज ग्राफिक्स कार्ड' म्हणतात, ते हे. अमेरिकेतली त्याची जाहीर किंमत साधारण अडीचशेपासून साडेपाचशे डॉलरपर्यंत असते. त्याच्या खालची कार्डे म्हणजे नुसती सोय आणि वरची म्हणजे श्रीमंती. घेणाऱ्यांची गर्दी अर्थातच मधल्या पायरीवर. आणि जिथे गर्दी तिथे खिसा सांभाळावा लागतो, हे मुंबईच्या माणसाला निराळे सांगावयास नको.

महाविद्यालयात मराठी शिकविणाऱ्या माणसाने या भानगडीत का पडावे, असे वाचक विचारतील. त्याला कारण आमचे कन्यारत्न. ही मुलगी महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षे संध्याकाळी शेजारपाजारच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या करून तिने चाळीस हजार रुपये साठविले. तिच्या टेबलावर कोणाकडून तरी जुना घेतलेला संगणक आहे. त्यात २०१८ सालचा प्रोसेसर आणि एनव्हिडिया कंपनीचे जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६ साली निघालेले चार जीबीचे कार्ड. बिचाऱ्याने इमानाने चाकरी केली. पण २०२४ च्या डिसेंबरात 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' हा खेळ आला आणि पाठोपाठ २०२५ च्या मे महिन्यात 'डूम : द डार्क एजेस' आला. या दोन्ही खेळांना किरणांचा मार्ग मोजणारी, म्हणजे रे ट्रेसिंगची, खास सोय कार्डातच लागते आणि मेमरी किमान आठ जीबी लागते. जुन्या कार्डावर ते हळू चालतात असेही नाही, मुळी चालतच नाहीत. त्यात २०२५ च्या ऑक्टोबरात एनव्हिडियाने १०५० टीआयच्या सगळ्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर काढणे थांबविले. सुरक्षेपुरती डागडुजी २०२८ पर्यंत होईल, एवढाच काय तो दिलासा.

तेव्हा नवे कार्ड घ्यावयाचे ठरले. पैसे तिचे, त्यामुळे निवडही तिची. पण 'बाबा, तुम्ही नुसते वाचून सांगा, या जाहिरातींत खरे काय आणि शब्दांचे खेळ कोणते,' एवढे काम माझ्याकडे आले. शब्द वाचण्याचाच पगार घेणाऱ्या माणसाला नाही म्हणता येईना. महिनाभर मी परीक्षणे वाचली, तक्ते पाहिले, आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासताना जी संशयी वृत्ती अंगी बाणते ती इथेही कामी आली.

प्रथम हे यंत्र करते काय, ते थोडक्यात. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा दशग्रंथी विद्वानासारखा. अवघड कामे एकामागून एक, भराभर उरकतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे अंगणभर रांगोळी घालायला बसलेल्या हजारो बायका. एकेकीला ठिपका भरण्यापलीकडे फारसे काही करावयाचे नसते, पण सगळ्या एकदम भरतात. हल्लीच्या साध्या पडद्यावर असे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. त्याच्या वरच्या, १४४० रेघांच्या पडद्यावर ३६.९ लाख, आणि 'फोर के' म्हणतात त्यावर ८३ लाख. खेळ सेकंदाला साठ फ्रेमांनी चालावयाचा, तर ही अख्खी रांगोळी सेकंदात साठ वेळा पुसून साठ वेळा नव्याने घालावी लागते. एका रांगोळीला वेळ मिळतो १६.७ मिलिसेकंद. मुलांना आपण 'नुसता खेळत बसतो' म्हणून रागावतो, पण पडद्यामागे केवढी धावपळ चाललेली असते!

आता परीक्षणांतला पहिला आकडा असतो तो सरासरी फ्रेमांचा. अमुक कार्ड सेकंदाला ९२, तमुक ८५. वाचणारा पहिल्यावर खूण करून मोकळा होतो. पण सरासरीच्या पोटात काय काय लपते, हे वर्गातल्या निकालाची सरासरी काढणाऱ्याला पक्के ठाऊक असते. समजा, शंभर फ्रेमांपैकी नव्व्याण्णव फ्रेमा प्रत्येकी दहा मिलिसेकंदांत निघाल्या आणि एक अडखळून शंभर मिलिसेकंद घेऊन बसली. सरासरी तरीही जवळजवळ ९२ येते. कागदावर उत्तम! खेळणाऱ्याला मात्र दर सेकंदाला एक हिसका बसतो. ऐन मोक्याच्या क्षणी शत्रू समोरून दिसेनासा होतो आणि पाठीत वार करतो. म्हणून जाणते परीक्षक सरासरीच्या शेजारी आणखी एक आकडा देतात, सर्वांत हळू अशा एक टक्का फ्रेमांचा वेग. माझा सल्ला विचाराल तर नजर आधी या दुसऱ्या आकड्यावर टाकावी. कार्ड धावते किती ते सगळेच सांगतात. ते अडखळते कुठे, ते पाहावे.

ते अडखळते बहुधा मेमरीपाशी. हे समजावयाला पंगतीचे उदाहरण फार चांगले आहे. वाढपी कितीही चलाख असला तरी हाताशी भांडी किती यावर पंगतीचा वेग ठरतो. भात, वरण, भाजी, कोशिंबीर सगळे पंगतीतच ठेवलेले असले तर पान रिकामे राहत नाही. पण जागा अपुरी पडली आणि मठ्ठ्यासाठी दर वेळी बोळातून मागच्या स्वयंपाकघरात धावावे लागले, की पाहुणे पानावर हात वाळवीत बसतात. ग्राफिक्स कार्डावरची मेमरी म्हणजे पंगतीतली ही जागा. भिंतींचा पोत, चेहऱ्यांवरच्या सुरकुत्या, पावसाने भिजलेली फरशी या साऱ्यांची चित्रे तिथे मांडून ठेवलेली असतात. जागा संपली की ती चित्रे संगणकाच्या मुख्य मेमरीतून आणावी लागतात, आणि त्या बोळाचा वेग कार्डावरच्या मेमरीच्या वेगाच्या मानाने कुठल्या कुठे असतो. काही खेळ अशा वेळी अडखळतात. काही जास्त धूर्त, ते न अडखळता गुपचूप अस्पष्ट चित्रे लावून वेळ मारून नेतात. दुसऱ्या प्रकारात आकड्यांच्या तक्त्यात काहीच दिसत नाही. डोळ्यांना मात्र भिंत चिखलाने सारवल्यासारखी दिसते.

आणि ही मेमरी कार्डावर कायमची डाख देऊन बसविलेली असते. मागाहून वाढविता येत नाही. संगणकाची मुख्य मेमरी आज आठ, उद्या सोळा अशी करता येते, त्यामुळे पुष्कळांना वाटते की इथेही तसेच असेल. तसे नाही. घेतेवेळी जे घेतले ते शेवटपर्यंत.

आता या प्रकरणातला माझ्या विषयाचा भाग येतो, तो म्हणजे नावांचा. कार्डांच्या नावांचे व्याकरण सोपे आहे. एनव्हिडियाच्या 'आरटीएक्स ५०६०' या नावात ५० ही पिढी आणि ६० ही पायरी. पायरी जितकी वरची तितके कार्ड बलवान. शेवटी 'टीआय' हा प्रत्यय लागला की अर्धी पायरी आणखी वर. एएमडी या दुसऱ्या कंपनीत तेच काम 'एक्सटी' हा प्रत्यय करतो. इथवर पाणिनीलाही तक्रार करावयाला जागा नाही. गोंधळ सुरू होतो तो एकाच शब्दाला दोन अर्थ दिले जातात तेव्हा. भाषेत याला श्लेष म्हणतात आणि कवीचे कौतुक होते. बाजारात श्लेष झाला की गिऱ्हाईकाचा खिसा कापला जातो.

हा श्लेष जुना आहे. २०१६ साली जीटीएक्स १०६० निघाले, सहा जीबीचे, २४९ डॉलरला. महिनाभरातच त्याच नावाचे तीन जीबीचे निघाले, १९९ डॉलरला. लोकांना वाटले, मेमरी तेवढी निम्मी. प्रत्यक्षात रांगोळी घालणाऱ्या बायकाही कमी केलेल्या होत्या, १२८० च्या जागी ११५२. नाव मात्र १०६० च. पुढे २०२१ साली आरटीएक्स ३०६० आले, बारा जीबीचे, ३२९ डॉलरचे, चांगले ऐसपैस कार्ड. २०२२ च्या अखेरीस त्याच नावाने आठ जीबीचे एक काढले गेले. त्यात मेमरीकडे जाणारा रस्ताही १९२ बिटांवरून १२८ बिटांवर आणला होता. २०२३ मध्ये ४०६० टीआय आठ आणि सोळा अशा दोन रूपांत. २०२५ च्या एप्रिलात ५०६० टीआय पुन्हा आठ आणि सोळा, ३७९ आणि ४२९ डॉलर. एनव्हिडियाला नावे ठेवून एएमडीकडे वळावे, तर जूनमध्ये त्यांनीही आरएक्स ९०६० एक्सटी हे एकच नाव आठ जीबीला २९९ डॉलरला आणि सोळा जीबीला ३४९ डॉलरला दिले.

आमच्या आजोबांच्या पिढीत रुपयाचे सोळा आणे होते. १९५७ साली नवे पैसे आले आणि आणे गेले. पण त्या काळी आठ आण्यांच्या नाण्याला कोणी रुपया म्हणत नसे, आणि खोक्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत खुलासाही छापीत नसे.

याच संदर्भात २०२२ सालची एक हकिगत सांगण्याजोगी आहे. एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० हे बड्या घरचे कार्ड जाहीर केले तेही असेच दोन रूपांत, सोळा आणि बारा जीबी. बारावाले आतून बरेच दुबळे होते. एवढा ओरडा झाला, की विक्रीला येण्याआधीच ऑक्टोबरात कंपनीने ते मागे घेतले आणि पुढच्या जानेवारीत '४०७० टीआय' असे वेगळे नाव देऊन बाजारात आणले. म्हणजे हजार डॉलरच्या आसपास खर्च करणाऱ्या धनिकाची दिशाभूल झाली तर नाव बदलते. तीनशे-चारशे डॉलरवाल्या मध्यमाने ओरडा केला, आणि तो भरपूर केला, तर पुढच्या पिढीत तेच नाव पुन्हा तसेच वापरले जाते. श्रीमंतांच्या तक्रारीला वजन असते, हे काही सांताक्लाराला लागलेले नवे शोध नव्हेत.

सांताक्लारा म्हणजे कॅलिफोर्नियातले गाव. गंमत अशी, की कार्डे बनविणाऱ्या तिन्ही कंपन्यांची, म्हणजे एनव्हिडिया, एएमडी आणि आता या धंद्यात शिरलेली इंटेल यांची मुख्यालये याच एका गावात आहेत. एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग आणि एएमडीच्या लिसा सू या दोघांचाही जन्म तैवानमधला, आणि दोघे एकमेकांचे लांबचे नातेवाईक. तिन्ही कंपन्यांच्या या नव्या कार्डांतल्या चिपा घडवून येतात त्याही एकाच ठिकाणाहून, तैवानच्या टीएसएमसी या कारखान्यातून. दळण एकाच गिरणीतले, पिठे मात्र तीन निराळ्या पिशव्यांत. आपल्याकडच्या भाऊबंदकीला यात परके वाटावे असे काही नाही. एनव्हिडियाचे एक केंद्र आपल्या पुण्यातही आहे, तेव्हा या मामल्यात मराठी हातही लागलेले आहेत म्हणावयाचे.

आठ जीबीचा मला एवढा राग का, हेही सांगतो. २०१६ साली एएमडीचे आरएक्स ४८० हे कार्ड आठ जीबी मेमरीसह २३९ डॉलरला मिळत होते. २०२५ च्या मे महिन्यात आलेल्या आरटीएक्स ५०६० ची किंमत २९९ डॉलर आणि मेमरी आठच जीबी. नऊ वर्षांत खेळांची भूक कुठच्या कुठे गेली, पण मध्यमाच्या पानातली वाढ तेवढीच. कंपनीच्या बाजूने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नव्या मेमरीचा वेग फार वाढला आहे. ५०६० ची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी पुरविते, त्याआधीच्या ४०६० ची २७२ पुरवीत असे. पण नळाला धार जोराची आली म्हणून घागर मोठी होत नाही.

वेगाच्या बाबतीतही मध्यमाची प्रगती रांगतच झाली. ३०६० नंतर दोन वर्षांनी ४०६० आले ते साध्या पडद्यावर पंधरा-वीस टक्के वेगवान. त्याची चिप २७६ चौरस मिलिमीटरवरून १५९ वर आलेली. कारागिरी अधिक बारीक झाली हे खरे, पण त्या बचतीतला वाटा गिऱ्हाइकाला बेताचाच मिळाला. एक लाभ मात्र निर्विवाद. ३०६० ला १७० वॅट लागत, ४०६० ला ११५. रोज तीन तास खेळ धरला तर वर्षाला साठ युनिटे वाचतात, आणि युनिटाला दहा रुपये धरले तर सहाशे रुपये. गृहिणींनी याची नोंद घ्यावी.

जाहिरातींत आणखी एक प्रकार असतो, तो काल्पनिक फ्रेमांचा. २०२५ च्या जानेवारीत लास व्हेगासला जेन्सन ह्वांग यांनी जाहीर केले, की ५४९ डॉलरचे ५०७० हे कार्ड आदल्या पिढीच्या ४०९० इतके काम देईल. ४०९० ची किंमत १५९९ डॉलर होती. ऐकून मंडळी हरखली. त्यातली मेख अशी, की नव्या कार्डाने एक फ्रेम खरी काढावयाची आणि तीन फ्रेमा अंदाजाने मधे भरावयाच्या. परीक्षेत असे विद्यार्थी मला दरसाल भेटतात. धड्याचे पहिले आणि शेवटचे पान वाचून मधले उत्तर ते झोकात लिहितात, आणि दुरून वाचले तर बरेही वाटते. यंत्राचा अंदाज माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा पुष्कळ चांगला असतो, हे मान्य. पण मधली फ्रेम भरण्यासाठी पुढची खरी फ्रेम तयार होईपर्यंत थांबावे लागते, त्यामुळे बटण दाबल्यावर हात हलावयाला किंचित अधिक वेळ लागतो. मुळातच साठ खऱ्या फ्रेमा निघत असतील तर ही भर सुखाची आहे. तीसच निघत असतील तर दिसावयाला गुळगुळीत आणि हाताला जड, असा विचित्र अनुभव येतो. आणि या भर घालण्यालाही मेमरी लागतेच, म्हणजे जिथे मुळात टंचाई तिथेच आणखी मागणी.

याच्या उलट, लहान चित्र काढून ते हुशारीने मोठे करण्याची जी युक्ती आहे, एनव्हिडियाची डीएलएसएस आणि एएमडीची एफएसआर, ती मला खरोखरच उपकारक वाटते. डीएलएसएस बराच काळ सरस होती. एएमडीची चौथी आवृत्ती २०२५ च्या मार्चमध्ये ९००० मालिकेच्या कार्डांबरोबर आली आणि अंतर बरेच मिटले. तरी डीएलएसएस चालणाऱ्या खेळांची संख्या अजून मोठी आहे, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

इतके वाचन झाल्यावर २०२५ च्या नोव्हेंबरातल्या एका शनिवारी आम्ही बापलेक ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. या रस्त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग; पण संगणकाचे सुटे भाग घ्यावयाला जाणारा कोणीही माणूस अद्याप ते नाव घेत नाही. वायरी, पंखे, पिशव्या, हमालांच्या डोक्यांवरची खोकी यांतून वाट काढीत एका दुकानात शिरलो. कन्येने भाव विचारले. ५०६० तीस हजारांच्या आसपास. ५०६० टीआय 'अडतीसला बसेल'. ९०६० एक्सटी सोळा जीबी, तेही अडतीसच्या आसपास. अमेरिकेतल्या किमतींना डॉलरच्या भावाने गुणून पाहणाऱ्यांसाठी सांगतो, की तिकडची जाहीर किंमत कराविना असते आणि आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी असतो.

दुकानदाराने ५०६० टीआयचे खोके काचेवर ठेवले. खोके देखणे, नाव लांबून वाचता येईल एवढे. मेमरीचा आकडा शोधावयाला कन्येला खोके दोनदा फिरवावे लागले.

"हे आठवाले आहे," ती म्हणाली.

"मॅडम, टीआयच आहे ना. नाव तेच, काम तेच. एवढी मेमरी गेमला लागतच नाही."

"मग सोळावाले तुम्ही ठेवता कशाला, काका?"

दुकानदार मनमोकळा माणूस होता. हसला आणि म्हणाला, "सोळावाला पण आहे. सत्तेचाळीस हजार. पण लोक नाव बघून येतात मॅडम, आणि खिसा बघून घेतात." एवढ्या दिवसांच्या माझ्या वाचनाचे सार त्याने एका वाक्यात सांगून टाकले. रागवावे कोणावर?

तिथेच उभे राहून आम्ही हिशेब केला. ५०६० टीआयचे सोळा जीबीचे रूप ९०६० एक्सटीच्या सोळा जीबीपेक्षा सर्वसाधारण खेळांत पाच-सात टक्के वेगवान. किरणांचा खेळ जिथे जास्त तिथे अंतर थोडे वाढते. डॉलरच्या किमतीत फरक आहे ऐंशीचा, म्हणजे तेवीस टक्के. आमच्यापुढे तो नऊ हजारांचा होता, आणि ते नऊ हजार म्हणजे शिकवण्यांचे कित्येक महिने. मी भर घालण्याची तयारी दाखविली. "नको बाबा, पाच टक्क्यांसाठी नको," असे म्हणून तिने विषय मिटविला. ज्याला खेळाबरोबर ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरवर त्रिमित चित्रे करावयाची आहेत त्याला मात्र मी निःशंकपणे एनव्हिडियाचे सोळावालेच घ्यावयाला सांगेन. त्या कामात एएमडीची कार्डे अजून बरीच मागे आहेत, आणि तिथे नऊ हजार वर्षभरात वसूल होतील.

इंटेलचे बी५८० हे नाव कोणी सुचवील. २०२४ च्या डिसेंबरात २४९ डॉलरला बारा जीबी देऊन त्याने दोघा बड्यांना लाज आणली, हे खरे. नव्या प्रोसेसरबरोबर ते ४०६० च्या पुढे जाते. पण २०२५ च्या सुरुवातीला परीक्षकांच्या ध्यानात आले, की याचे ड्रायव्हर मुख्य प्रोसेसरवर फार भार टाकते आणि जुन्या प्रोसेसरबरोबर त्याचा वेग ढेपाळतो. शिवाय रिसायझेबल बार नावाची सोय मदरबोर्डात नसेल तर त्याच्या वाटेला जाऊच नये. म्हणजे स्वस्त कार्ड ज्या जुन्या यंत्रवाल्याला हवे, त्यालाच ते मानवत नाही. आमचा प्रोसेसर २०१८ चा. ते नाव तिथेच खोडले.

जुन्या यंत्राचा आणखी एक धडा. मघाशी ज्या बोळाचे उदाहरण दिले, त्याची रुंदीही कार्डागणिक निराळी असते. ५०६० आणि ५०६० टीआय ही आठ पदरी, ९०६० एक्सटी सोळा पदरी. नव्या मदरबोर्डावर पदर वेगवान असल्याने आठ पुरतात. आमच्यासारख्या तिसऱ्या आवृत्तीच्या जुन्या बोर्डावर आठ पदरांचा बोळ फारच अरुंद होतो. त्यात मेमरीही आठच जीबी असली, की वाढप्याला सारखे स्वयंपाकघरात धावावे लागणार आणि तेही चिंचोळ्या वाटेने. सर्वांत वाईट संगम हाच, आणि जुने यंत्र बाळगणाऱ्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात नेमका हाच मारला जातो. तक्ते पाहणाऱ्याला हे दिसत नाही, कारण परीक्षक आपली परीक्षा सर्वांत महागड्या प्रोसेसरवर आणि नव्या बोर्डावर घेतात. कार्डांची तुलना करावयाला ते योग्यच आहे. पण आपल्या घरी काय होईल, ते त्यावरून कळत नाही.

आम्ही ९०६० एक्सटी सोळा जीबी घेतले. बिलावर 'सोळा जीबी' हे शब्द आणि खोक्यावरचा क्रमांक लिहून घेतला. वाचकांनीही घ्यावा, वॉरंटीच्या वेळी कामास येतो. जुन्या बाजारातली स्वस्त कार्डे आम्ही पाहिली नाहीत असे नाही. २०२२ च्या सप्टेंबरात इथीरियम या आभासी चलनाची कार्डांवर चालणारी खणाई बंद झाली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डे ढिगाने विकायला निघाली. त्यांतली सगळीच वाईट नसतात, पण पंखे आणि गॅरंटी यांचा भरवसा नसतो. ज्याच्याकडे पंधरा हजारच आहेत त्याने तोंडओळखीच्या माणसाकडून, समोर चालवून पाहून घ्यावे.

त्या शनिवारी घेतले हे बरेच झाले म्हणावयाचे. २०२५ सरता सरता मेमरीच्या चिपांचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांना लागणारी मेमरी बनविण्यात पैसा अधिक, त्यामुळे कंपन्या तिकडे वळल्या. डिसेंबरात मायक्रॉन या कंपनीने क्रुशियल हा सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा आपला छाप बंद करीत असल्याचे जाहीर केले. अशा टंचाईत सोळा जीबी देणे कंपन्यांना आणखी जड जाणार आणि आठाचे समर्थन करणाऱ्यांना नवे कारण मिळणार, हे सांगावयाला ज्योतिषी नको.

घरी येऊन कन्येने स्वतःच कार्ड बसविले. एकच आठ पिनांची वायर, आमच्या जुन्या पॉवर सप्लायवर होती ती पुरली. इंडियाना जोन्स सुरू केला, चित्रांचा दर्जा वर नेला, आणि कोपऱ्यात मेमरीचा आकडा दाखविण्याची सोय चालू केली. आकडा सहा झाला, सात झाला, आठाच्या पुढे गेला, दहावर जाऊन थांबला. पडद्यावर कुठल्याशा जुन्या देवळातली दगडी भिंत होती. मशालीच्या उजेडात तिच्यावरची टाकीची घावन्‌घाव खूण दिसत होती. पडदा आमचा अजून जुनाच, सेकंदाला साठ फ्रेमा दाखविणारा. त्यामुळे साठाच्या वरच्या फ्रेमा कितीही निघाल्या तरी दिसणार नाहीत, हे तिने आधीच हेरून वेग साठावर बांधून टाकला होता. पंखा त्यामुळे ऐकूही येत नव्हता. प्रोसेसर पुढच्या वर्षीच्या शिकवण्यांतून.

जुने १०५० टीआय वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शेजाऱ्यांनी नेले. त्यांना बुद्धिबळ खेळावयाचे असते आणि रात्री जुनी नाटके पाहावयाची असतात. त्या मॉडेलाला निराळी वायर लागत नाही, बसविताना पाच मिनिटे पुरली. मेमरी किती आहे, असे त्यांनी विचारलेही नाही.